जुना खर्ज, नवा खर्ज

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध विधवा रिक्षातून एक लांबट काळी पेटी घेऊन आमच्या निवासस्थानी आल्या. पेटीच्या कडा झिजल्या होत्या, एक कडी तुटून तेथे सुतळी बांधली होती. पेटी उघडली तेव्हा आत लाल रंगाची, चार तारांची बेस गिटार निघाली. मावशींचे यजमान तरुणपणी प्रवासी जहाजांवरील वाद्यवृंदात वाजवीत असत. पुढे मुंबईच्या हॉटेलांत आणि अखेरीस वसईच्या लग्नमांडवांत त्यांनी तीच गिटार वाजविली. त्यांच्या निधनानंतर ती पलंगाखाली पडून होती.

मावशी म्हणाल्या, "फादर, पोरं म्हणतात गायनवृंदाला अशी गिटार पाहिजे. ही ठेवून घ्या. घरात कोण वाजवणार? देवळात वाजली तर त्यांच्या आत्म्याला बरं वाटेल."

आम्ही आनंदाने ती ठेवून घेतली, मावशींना चहा दिला आणि त्यांना रिक्षापर्यंत पोहोचवून आलो. दान देणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असते, ते त्यांच्या चेहऱ्यावर होते. त्या समाधानाने पुढे पंधरा दिवस आमची झोप उडविली.

वाचकांपैकी वडीलधाऱ्या मंडळींना बेस गिटार म्हणजे नेमके काय, हे कदाचित ठाऊक नसेल. गाण्यात तिचा आवाज वेगळा ऐकू येत नाही. ती थांबली की मात्र काहीतरी हरवल्याची जाणीव होते. घराच्या पायासारखे तिचे काम असते. पूर्वी हे काम माणसाहून उंच अशा डबल बेसकडे होते. ते धूड वाहून नेणे कठीण, मोठ्या वाद्यवृंदात त्याचा आवाज बुडे आणि त्यावर सूर शोधायला पडदेही नसत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फुलरटन गावी रेडिओदुरुस्ती करणारे लिओ फेंडर यांनी १९५१ साली यावर उपाय काढला. सपाट लाकडी धड, सतारीसारखे धातूचे पडदे असलेली मान आणि तारांखाली तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे घातलेले लोहचुंबक, अशी ती रचना होती. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, म्हणून तिचे नाव 'प्रिसिजन' ठेवले. गंमत अशी की, हे गृहस्थ स्वतः गिटार वाजवीत नसत. १९६० साली त्यांच्या कारखान्यातून 'जॅझ बेस' निघाली आणि १९६५ च्या जानेवारीत त्यांनी आपला व्यवसाय सीबीएस या कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलरना विकला.

हे १९६५ साल महत्त्वाचे आहे. त्यानंतर उत्पादन वाढले आणि सत्तरीच्या दशकात मालाची प्रत घसरल्याची तक्रार वादक करू लागले. धडे जड झाली, रंगाचा थर जाड झाला, मान आणि धड यांचा सांधा सैल राहू लागला. साहजिकच पासष्टपूर्वीच्या वाद्यांचा शोध सुरू झाला, त्यांच्या किमती चढू लागल्या आणि 'जुनी ती खरी' हे सूत्र रूढ झाले.

मावशींची गिटार गायनवृंदाच्या हाती पडली तेव्हा आमचा तरुण गायनप्रमुख तिच्या मानेच्या सांध्यावरील धातूची पट्टी न्याहाळीत बसला. पट्टीवरचा आकडा इंग्रजी 'एल' या अक्षराने सुरू होत होता. दुसऱ्या दिवशी तो धापा टाकीत आला.

"फादर, ही १९६४ ची आहे! नंबर तपासला. मान काढून खालची तारीखही पाहिली. मूळ अवस्थेतल्या अशा गिटारचे सात-आठ लाख येतात. आपल्या चर्चला असा आवाज पुन्हा मिळायचा नाही."

"मावशींना हे ठाऊक आहे काय?" आम्ही विचारले.

तो गप्प राहिला. आम्हीही गप्प राहिलो. आमचे गप्प राहणे अधिक दोषास्पद होते, कारण त्याला आम्ही पुढे युक्तिवादाचा आधार दिला.

मावशींची नात त्याच वर्षी बारावी झाली होती. तिला परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे होते. प्रवेशाची शिफारस मागायला ती आमच्याकडेच आली होती. तिचे वडील मिळेल त्या टेम्पोवर चालक म्हणून जात. चार वर्षांचे शुल्क कसे भरायचे, हा त्या घरापुढचा प्रश्न आम्हांला पूर्ण ठाऊक होता. एकीकडे पलंगाखालून निघालेले सात लाख आणि दुसरीकडे न भरलेले शुल्क, यांच्यामध्ये आम्ही उभे होतो. ही देवाणघेवाण घडवून आणणारे किंवा अडविणारे एक वाक्य आमच्यापाशी होते.

आम्ही ते उच्चारले नाही. मनाशी म्हटले, दान स्वेच्छेने दिले आहे. मावशींची इच्छा पैशाची नसून यजमानांच्या स्मृतीची आहे. शिवाय हा आवाज खरोखरच अनन्यसाधारण असेल, तर उपासनेसाठी सर्वोत्तम तेच वापरावे, हे योग्यच नव्हे काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि इतर वाद्येही पवित्र कार्याला साजेशी असल्यास स्वीकारण्याची मुभा ठेवली. गोरेगावच्या सेमिनरीत ते कलम आम्ही अभ्यासले होते. आता त्याचा उपयोग आम्ही आपली अस्वस्थता शमविण्यासाठी करीत होतो.

हा सारा डोलारा एका गृहीतकावर उभा होता. जुनी बेस गिटार नव्या स्वस्त गिटारपेक्षा खरोखर सरस वाजते, हे ते गृहीतक. ते खरे आहे की नाही, हे आम्ही तपासायचे ठरविले.

प्रथम वाचन केले. आमच्या हाती जे लागले, ते बेस गिटारविषयीचे नसून तिच्या दूरच्या पूर्वजाविषयीचे, म्हणजे व्हायोलिनविषयीचे होते. इटलीतील क्रेमोना गावच्या स्त्रादिव्हारीने केलेल्या व्हायोलिनची थोरवी तीनशे वर्षे गायिली जात आहे. फ्रान्सच्या संशोधिका क्लोदिया फ्रिट्झ आणि अमेरिकेचे व्हायोलिनकार जोसेफ कर्टिन यांनी २०१० साली इंडियानापोलिस येथे २१ वादकांची परीक्षा घेतली. मंद प्रकाशाच्या खोलीत, डोळ्यांवर काळे चष्मे चढवून, लाकडाच्या जुनाट वासावरून ओळख पटू नये म्हणून हनुवटीच्या टेकूला अत्तर लावून, त्यांच्या हाती सहा व्हायोलिने देण्यात आली. तीन जुनी होती आणि तीन नवी. सर्वाधिक पसंती एका नव्या वाद्याला मिळाली आणि सर्वांत कमी एका स्त्रादिव्हारीला. पुढे पॅरिसजवळ दहा नामवंत एकलवादकांना सहा जुनी आणि सहा नवी व्हायोलिने देऊन अधिक कडक परीक्षा झाली. दहापैकी सहा जणांनी नवे वाद्य निवडले. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या अभ्यासात पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या सभागृहांतील श्रोत्यांनाही जुने-नवे ओळखता आले नाही. पसंती नव्याकडेच झुकली.

जेथे लाकडाची पेटी स्वतः गुंजते, त्या वाद्यात ही गत. विजेच्या बेस गिटारमध्ये तर लाकडाचा वाटा आणखी कमी असतो. तिचे धड भरीव असते. पोलादी तार चुंबकासमोर थरथरते, त्यातून वेटोळ्यात सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि तोच ध्वनिवर्धकाकडे जातो. चुंबक तारेचे ऐकतो. लाकडाचे वय त्याला कळत नाही.

तरीही प्रत्यक्ष प्रमाण हवे होते. लग्नात वाजविणाऱ्या एका मुलाकडून आम्ही इंडोनेशियात तयार झालेली स्क्वायर बेस गिटार उसनी आणली. फेंडर कंपनीने आपल्याच आराखड्यांची स्वस्त वाद्ये स्क्वायर या नावाने १९८२ साली जपानमध्ये सुरू केली आणि पुढे ती इतर देशांतही होऊ लागली. मुलाला ती पंचवीस हजारांच्या आसपास पडली होती. धर्मग्रामाच्या सभागृहात मंचाचा पडदा ओढला, मागे गायनप्रमुख दोन्ही वाद्ये घेऊन बसला आणि पुढे आम्ही नऊ जण कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पहिल्या फेरीत सर्वांनी अचूक ओळखले. एक आवाज गोल, मऊ, काळोखासारखा होता. दुसरा खणखणीत, किंचित करकरीत. "पाहा, फादर!" म्हणून मुले आनंदली. आम्हीही मनातून सुखावलो. आमच्या मौनाला आधार मिळाला होता.

तेवढ्यात मागच्या बाकावरील आमचे वृद्ध ऑर्गनवादक उठले. ते म्हणाले, "फादर, जुनीच्या तारा चपट्या वेढ्याच्या आहेत, नव्वदच्या सालापासूनच्या असतील. नवीच्या गोल वेढ्याच्या, नव्या कोऱ्या. तुम्ही गिटारी नाही, तारा ऐकताय."

परीक्षा आठ दिवस पुढे ढकलली. मुंबईहून चपट्या वेढ्याच्या सारख्याच तारांचे दोन संच आणले. स्वस्त गिटारची मान पावसाळी हवेने किंचित वाकली होती. मानेच्या आतील पोलादी सळईचा पेच फिरवून ती सरळ केली, तारांची उंची दोन्हींवर सारखी केली, पडद्यांची बोचरी टोके घासून घेतली. ही सारी मशागत दीड तासाची होती. मग तोच ध्वनिवर्धक, तोच वादक, तेच स्तोत्र.

या वेळी नऊपैकी पाच जणांची उत्तरे बरोबर आली आणि चौघांची चुकली. नाणे उडविले असते तरी साधारण हेच घडले असते. चुकलेल्या चौघांत आम्ही होतो आणि आमच्या कागदावर आम्ही ठळक अक्षरांत लिहिले होते : "जुनी, निःसंशय."

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. आम्ही वादकाचे डोळे बांधले तेव्हा त्याने दोन्ही गिटारी क्षणात ओळखल्या, पण कानांनी नव्हे, हातांनी. साठ वर्षांच्या वापराने जुन्या मानेच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. "ही हातात बसते, फादर," तो म्हणाला. हात सुखावला की वाजविणाराही खुलतो, हे खरे. जुन्या वाद्याचा हा लाभ आम्ही नाकारीत नाही. परंतु तो लाभ वादकाचा आहे. बाकावर बसलेल्या श्रोत्यापर्यंत तो पोहोचतोच असे नाही.

मग जुन्याची एवढी कीर्ती कशामुळे? विचार करता आम्हांला तीन कारणे दिसली. पहिले असे की, जुन्यांपैकी चांगली तेवढीच टिकली. त्या काळी चुंबकावरील वेढे घालताना तार कामगाराच्या हाताने सरकविली जाई. एक वाद्य दुसऱ्यासारखे नसे. वाईट निघालेली मोडीत गेली, चांगली जपली गेली आणि आपण उरलेल्यांवरून सगळ्यांची परीक्षा करतो. आज संगणकावर चालणारी यंत्रे मान आणि धड कापतात. स्वस्त वाद्यही म्हणूनच बहुधा नीट जुळलेले निघते.

दुसरे कारण थोरांचा स्पर्श. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीतील असंख्य गाण्यांचा पाया जेम्स जेमरसन या वादकाने घातला. त्याची गिटार होती १९६२ ची प्रिसिजन. तिच्यावर चपट्या वेढ्याच्या जाड तारा होत्या, त्या तो वर्षानुवर्षे बदलीत नसे आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवी. त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकून लोक १९६२ ची गिटार शोधू लागले. पण त्याने ती घेतली तेव्हा ती जुनी नव्हती. कारखान्यातून निघणारे ते चालू वाद्य होते. जादू होती ती त्या बोटात.

तिसरे कारण काळाचा विसर. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हँबर्गमध्ये हॉफ्नर बेस घेतली ती सुमारे तीस पौंडांना. फेंडर परवडत नव्हती, म्हणून स्वस्त वाद्य घेतले. ती १९७२ साली लंडनमध्ये चोरीला गेली. अर्ध्या शतकानंतर ती सापडून त्यांना परत मिळाल्याचे २०२४ साली जाहीर झाले, तेव्हा साऱ्या जगात ती बातमी झाली. त्या काळचे स्वस्त वाद्य आज अमोल ठेवा झाले आहे. सत्तरीतल्या ज्या जड गिटारींना वादक नावे ठेवीत, त्याही आता 'जुन्या' म्हणून चढ्या भावाने विकल्या जातात.

आणि किंमत आवाजाची नसते, याचा निर्वाळा मावशींच्या गिटारनेच दिला. तिचा लाल रंग मूळचा नव्हता. यजमानांनी मुंबईतील एका गॅरेजमध्ये तो मारून घेतला होता. जाणकाराला दाखविताच तो म्हणाला, रंग बदलला की किंमत निम्म्यावर येते. आम्ही विचारले, "आवाज बदलतो का?" तो हसला. "आवाज तोच राहतो, फादर. पण गिऱ्हाईक आवाज घेत नाही." याहून स्पष्ट उत्तर आम्हांला कोणत्याच अभ्यासात मिळाले नव्हते.

येथवर आमचा शोध यशस्वी झाला, असे वाचकांना वाटेल. आमचा कबुलीजबाब येथून पुढे आहे.

त्या रात्री जेवताना एकाएकी लक्षात आले की, या परीक्षेची गरजच नव्हती. जुनी गिटार शतपट सरस वाजली असती, तरी मावशींना तिची किंमत सांगणे आमचे कर्तव्य होतेच. आवाजाचा प्रश्न खरा होता. पण त्याच्या आडोशाला आम्ही दुसरा प्रश्न लपविला होता. देवळाच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेवर आम्ही कितीदा प्रवचन दिले असेल! परंतु आपण किती देत आहोत, हे त्या विधवेला ठाऊक होते. तिच्या दानाचे मोल त्या जाणिवेत आहे. आमच्या मावशींना आम्ही ती जाणीवच दिली नव्हती. मग त्याला दान तरी कसे म्हणावे?

दुसऱ्या दिवशी आम्ही पेटी घेऊन त्यांच्या घरी गेलो. नात आणि तिची आई बाहेरच्या पडवीत बसल्या होत्या. आम्ही सर्व सांगितले : साल, किंमत, रंगामुळे आलेली घट, परीक्षेचा निकाल.

मावशींनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "तुम्हांला कधी कळलं, फादर?"

"पंधरा दिवस झाले, मावशी."

त्या काही बोलल्या नाहीत. पदराने पेटीवरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, "पंधरा दिवस तुम्हांला जेवण गेलं नसेल." एवढे म्हणून त्या आत गेल्या आणि आमच्यासाठी सरबत घेऊन आल्या. आम्हांला मिळालेली ती सर्वांत सौम्य शिक्षा होती आणि सर्वांत लक्षात राहणारीही.

विकायची की ठेवायची, हा निर्णय आम्ही त्यांच्यावर सोपविला. महिनाभर त्यांनी विचार केला. मुलाने एकदा 'विकू नको' म्हटले, सुनेने काहीच म्हटले नाही. अखेर एका नातलगाच्या ओळखीने मुंबईच्या एका संग्राहकाने ती साडेतीन लाखांवर काही रकमेला घेतली. मावशींनी त्यातून पाच हजार गायनवृंदाला दिले. या वेळी किती दिले, हे त्यांना नेमके ठाऊक होते. उरलेली भर धर्मग्रामाने घातली आणि आम्ही एक नवी स्वस्त बेस गिटार विकत घेतली. तिच्यावर चपट्या वेढ्याच्या तारा चढविल्या आहेत. पावसाळ्यात तिची मान वाकते. गायनप्रमुख पेच फिरवून ती सरळ करतो.

नात आता परिचारिका महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात आहे.

यजमानांच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साला मावशी पुढच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या आवडीचे स्तोत्र गायनवृंदाने मुद्दाम घेतले. मिस्सा संपल्यावर आम्ही दाराशी उभे होतो. त्या जवळ आल्या तेव्हा आम्ही काहीसे भीतभीतच विचारले, "मावशी, आवाज कसा वाटला?"

त्यांनी क्षणभर विचार केला.

"आवाज तसाच वाटला, फादर. पण ते दुसऱ्या कडव्याला नेहमी घाई करायचे. हा पोरगा नाही करत." आणि छत्री उघडून त्या पायऱ्या उतरू लागल्या.